ताओर्मिना: सासूबाईंचे गुडघे, एटनावरचे ढग आणि एक रात्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या शेवटी चौघांचं कुटुंब सिसिलीला निघालंय: नवरा-बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. चौघेही शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं. चार रात्री तिथल्या कातानिया शहरात बुक केल्या आहेत आणि त्यातला एक दिवस ताओर्मिना या डोंगरावरच्या गावासाठी ठेवलाय. तिथे काय काय बघायचं, एक दिवस पुरेल का, त्याच दिवशी एटना ज्वालामुखीही होईल का, आणि सासूबाई साडी-चपलांमध्ये फिरू शकतील का, असं ताईंनी विचारलंय.

गेली चौदा वर्षं मी पुण्याहून आठ-दहा जणांचे गट दक्षिण इटलीत नेते. त्यात साठीच्या पुढची माणसं निम्मी तरी असतातच, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी ओळखीचा आहे. "काय बघायचं" याची यादी तुम्हाला कुठेही मिळेल आणि ती सगळीकडे सारखीच असेल. तुमची खरी अडचण वेगळी आहे. हे गाव तीन उंचींवर पसरलेलं आहे. कोणत्या वेळी कोणत्या उंचीवर असायचं हे नीट ठरवलं नाही, तर सासूबाईंचा दिवस पायऱ्यांत जातो आणि तुमचा त्यांच्या काळजीत.

आपल्याला गड माहीत असतात, म्हणून त्या भाषेत सांगते. पायथ्याला समुद्र. तिथे इझोला बेल्ला हे चिमुकलं बेट, माझ्झारोचा किनारा, रेल्वे स्टेशन आणि जार्दिनी नाक्सोस. त्यावर साधारण २०० मीटर उंचीवर माची, म्हणजे प्रत्यक्ष ताओर्मिना. आणि त्याच्याही वर बालेकिल्ला: ताउरो डोंगरावरचा पडका किल्ला, आणि त्यापलीकडे ५०० मीटरच्या वर कास्तेलमोला नावाचं इवलंसं गाव. ही तुलना मी ओढूनताणून करत नाही, गाव वसलंच तसं आहे. पायथ्याचं नाक्सोस ही ग्रीकांची सिसिलीतली पहिली वसाहत, इसवी सनापूर्वी ७३४ सालची. सिसिलीतल्याच सिराक्युज शहराचा हुकूमशहा दिओनिसिओस याने इ.स.पू. ४०३ मध्ये ती उद्ध्वस्त केली आणि पुढे तिथली उरलीसुरली माणसं या डोंगरावर येऊन राहिली. शत्रूला चढणं जड जावं म्हणूनच हे गाव इथे आहे. ती चढण आज तुमच्या सासूबाईंनाही जड जाणार, हे गृहीत धरूनच बेत आखायचा.

आता एक दिवस पुरेल का? बघायच्या जागा मोजल्या तर पुरेल. तरी माझं उत्तर "एक रात्र तिथे राहा" असंच आहे. चारपैकी एक रात्र कातानियातून काढून ताओर्मिनाला द्या, जमलं तर दोन. कारण सांगते. दिवसाच्या सहली आणि क्रूझ जहाजांवरची माणसं साधारण दहाच्या सुमारास गावात शिरतात आणि संध्याकाळी पाच-सहाला निघून जातात. मधल्या वेळेत मुख्य रस्त्यावर खांद्याला खांदा लागतो, बसायला जागा नसते आणि डोक्यावर ऊन असतं. सकाळी आठ वाजता तोच रस्ता जवळजवळ तुमचा एकट्याचा. दुकानदार दारापुढची फरशी पाण्याने धूत असतात, बेकरीतून गरम पावाचा वास येत असतो आणि चौकाच्या कठड्यापाशी उभं राहिलं की समोर एटना अख्खा दिसतो, शेंड्यावर धुराची बारीक रेघ. दुपारपर्यंत त्याच शेंड्यावर बहुतेक वेळा ढग येऊन बसतात. कातानियाहून निघून गावात पोचायला दहा-साडेदहा होतात, म्हणजे गर्दी आणि ढग दोन्हींच्या तोंडी तुम्ही पोचता.

अर्थात हे बजेटवर आहे. ताओर्मिना महाग आहे आणि मे अखेरीस दर चढलेले असतात. खाली जार्दिनी नाक्सोसला खोल्या स्वस्त मिळतात, पण मग सकाळ-संध्याकाळ बस आलीच. राहणं अजिबात जमत नसेल तर कातानियाहून पहिल्या बसने निघा. अंतर पन्नासेक किलोमीटरच आहे, सव्वा ते दीड तास धरा. ट्रेन पटकन येते, पण स्टेशन समुद्रालगत आहे, तिथून पुन्हा बस किंवा टॅक्सीने वर चढावं लागतं. सामान आणि सासूबाई बरोबर असताना थेट वर जाणारी बसच बरी. ती कातानिया विमानतळावरूनही सुटते.

हॉटेल घ्याल तेव्हा एक गोष्ट लेखी विचारा: "गाडी जिथे थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत?" "लिफ्ट आहे का" असं विचारू नका. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका हॉटेलने लिफ्ट आहे असं कळवलं होतं. लिफ्ट होती, पण गल्लीतल्या बेचाळीस पायऱ्या चढून गेल्यावर. गटात संधिवाताच्या एक काकू होत्या. त्या प्रत्येक पायरीला कठडा धरून थांबत चढल्या, वर पोचल्यावर बोलल्या काहीच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी खोलीतच बसून राहिल्या. त्यांचा तो दिवस मी परत देऊ शकले नाही. तेव्हापासून मी पायऱ्यांचा आकडा मागते आणि तो आल्याशिवाय पैसे भरत नाही.

आता माचीवर काय करायचं. पहिलं काम ग्रीक थिएटर, आणि तेही सकाळी नऊला दार उघडताच. एटना थिएटरच्या नैर्ऋत्येला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून त्याच्या अंगावर पडतो, म्हणून डोंगराच्या घड्या स्वच्छ दिसतात. दुपारनंतर सूर्यच त्या बाजूला जातो आणि एटनाची नुसती करडी सावली उरते. शिवाय सकाळी ढग नसण्याची शक्यता जास्त.

थिएटरचा व्यास सुमारे १०९ मीटर आहे. सिसिलीत याहून मोठं प्राचीन थिएटर सिराक्युजचंच. मूळ ग्रीकांचं, इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं; आज दिसतं ते बरंचसं रोमन काळातलं, तांबड्या विटांचं. मुलाला तिथे एक गंमत दाखवा. रंगमंचामागे रोमनांनी उंच भिंत बांधली होती, म्हणजे प्रेक्षकांना समोरचा समुद्र आणि डोंगर दिसणारच नव्हता. ती भिंत काळाच्या ओघात मधोमध ढासळली, आणि त्या खिंडारातून एटना आणि किनारा बरोबर चौकटीत बसतो. १७८७ साली जर्मन कवी ग्योटे इथे वर बसून हेच दृश्य बघून भारावला होता. जगभर ज्या फोटोसाठी हे थिएटर प्रसिद्ध आहे, तो फोटो पडझडीने दिलेला आहे.

हा देखावा वरच्या रांगांतूनच दिसतो, खालून तसा दिसत नाही. सासूबाईंना चढवायचं की नाही हे त्या सकाळी त्यांचा गुडघा काय म्हणतो त्यावर ठरवा. नाहीच जमलं तर हळहळू नका, पर्याय पुढे सांगतेच आहे. आणखी एक: उन्हाळ्यात या थिएटरात ऑपेरा, मैफिली आणि चित्रपट महोत्सव होतात. त्यासाठी खुर्च्या, दिव्यांचे सांगाडे आणि मोठा मंच उभारला जातो. मे अखेरीस हे काम कधी सुरू झालेलं असतं, कधी नसतं. मी एकदा जुलैत भर दुपारी गट घेऊन गेले, तेव्हा लोखंडी सांगाडा मध्ये आणि मागे ढग, एटनाचा मागमूस नव्हता. तुम्ही निघण्याआधी कार्यक्रमांचं वेळापत्रक बघून घ्या. आणि एखाद्या रात्री मैफिल असेल आणि तिकीट परवडत असेल, तर जरूर घ्या. दगडी पायरीवर टाकायला जाडसर काहीतरी न्या.

सासूबाईंसाठीचा पर्याय म्हणजे गावाची बाग, व्हिल्ला कोमुनाले. थिएटरहून चालत काही मिनिटांवर, प्रवेश फुकट. बाकं, सावली, बोगनवेल, आणि कठड्याशी गेलं की तोच एटना आणि तोच समुद्र. फ्लोरेन्स ट्रेव्हेलियन ही इंग्रज बाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताओर्मिनात येऊन स्थायिक झाली, इथल्याच डॉक्टरशी लग्न केलं, आणि ही बाग तिने वाढवली. विटा, लाव्हाचे दगड, लाकडाचे तुकडे जे मिळेल ते रचून तिने बागेत चित्रविचित्र मनोरे बांधले आहेत, पक्षी बघत बसायला. मुलगा त्यांच्याभोवती तासभर रमेल. माझ्या गटातल्या ज्येष्ठांना ताओर्मिनात सगळ्यात काय आवडलं असं विचारलं, तर दहातले सहा-सात जण थिएटर नाही, ही बाग सांगतात.

मुख्य रस्ता कोर्सो उंबेर्तो. उत्तरेच्या पोर्ता मेस्सिना दरवाजापासून दक्षिणेच्या पोर्ता कातानियापर्यंत जेमतेम ८०० मीटर, गाड्यांना बंदी, आणि बऱ्यापैकी सपाट. सासूबाईंना हा आरामात जमेल. दुकानं महागडी आहेत, ती सोडून द्या, पण तीन ठिकाणी थांबा. पोर्ता मेस्सिनाजवळचा पालाझ्झो कोर्वाया: अरबांच्या काळातल्या बुरुजाभोवती वाढलेला वाडा, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला सिसिलीची संसद इथे भरली होती. मध्यावर पियात्सा नोवे आप्रिले, म्हणजे "९ एप्रिल चौक". १८६० साली या दिवशी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना कोणीतरी बातमी आणली की इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गारिबाल्दी सिसिलीतल्या मार्साला बंदरात उतरला. गाव आनंदाने वेडं झालं. बातमी खोटी होती. गारिबाल्दी उतरला तो ११ मे रोजी. पण चौकाला नाव त्या खोट्या बातमीच्या तारखेचंच राहिलं. याच चौकाचा कठडा मी मघाशी म्हटला तो. तिसरं ठिकाण कॅथेड्रलसमोरचं १६३५ सालचं कारंजं. त्याच्या टोकावर डोक्यात मुकुट घातलेली अर्धी बाई आणि अर्धा घोडा अशी आकृती आहे, आणि घोड्याचे पाय चार नाहीत, दोनच. तीच या गावाची खूण. मुलाला ती गावभर शोधायला सांगा, पाट्यांवर, झाकणांवर, खूप ठिकाणी सापडेल.

दुपारी दीड ते चार खोलीवर विश्रांती. यात तडजोड करू नका. गाव त्या वेळी भरलेलं असतं आणि तुम्ही रिकामे व्हायला हवेत.

पायथ्याच्या इझोला बेल्लाबद्दल मी थोडी कडक बोलते. फोटोत ते बेट सुंदर दिसतं आणि आहेही, १९९८ पासून संरक्षित आहे. पण रस्त्यापासून किनाऱ्यावर उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत, किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, आणि बेटावर जायची वाट म्हणजे गोट्यांची अरुंद पट्टी, तिच्यावर कधी घोट्यापर्यंत पाणी असतं तर कधी गुडघ्यापर्यंत. सासूबाईंना तिथे नेऊ नका. त्यांना व्हिया पिरांदेल्लो रस्त्यावरच्या सज्जावरून बेट दाखवा. वरून त्याचा आकार जास्त छान कळतो. तुमचे यजमान आणि मुलगा गावातून रोपवेने, तिथले लोक त्याला फुनिव्हिया म्हणतात, चार-पाच मिनिटांत माझ्झारोला उतरू शकतात. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. पाणी मे अखेरीस बरंच गार असतं.

बालेकिल्ल्यावर मात्र सगळे जा. ताओर्मिनाच्या बसस्टँडवरून कास्तेलमोलाला बस जाते, पंधरा-वीस मिनिटांत. बस फारशा नाहीत, म्हणून परतीची वेळ आधी बघून मगच चढा आणि तिकीट तंबाखूच्या दुकानातून, "ताबाक्की" अशी पाटी असते, आधी घेऊन ठेवा. बस गावाच्या तोंडाशी सोडते, काही पावलांवर छोटा चौक आणि त्याचा सज्जा. खाली बघितलं की सकाळचं थिएटर तळहाताएवढं दिसतं. मी संध्याकाळी पाचच्या बसने जाते. मेमध्ये आठच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे उजेड मऊ होत जाताना वर बसायला मिळतं. कास्तेलमोला बदामाच्या वाइनसाठी ओळखलं जातं. न पिणाऱ्यांनी "लात्ते दि मान्दोर्ला" मागावं, बदामाचं गार दूध. नाव दूध असलं तरी त्यात गाईचं दूध नसतं, बदाम वाटून पाण्यात काढलेलं असतं. माझ्याबरोबरच्या कित्येक आजींनी ते दोनदा मागवलं आहे.

बाप-लेकांना हौस असेल तर ते कास्तेलमोलाहून पायवाटेने उतरू शकतात. ही वाट मादोन्ना देल्ला रोक्का या सतराव्या शतकातल्या छोट्या देवळापाशी येते. डोंगराच्या कपारीतच ते बांधलेलं आहे, आत डोक्यावर छत म्हणून ओबडधोबड कातळ आहे. तिथून पायऱ्यांनी थेट गावात. उतरायला तासभर धरा, अंधार पडायच्या आत.

एटना त्याच दिवशी? नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते. दक्षिण बाजूचं रिफुजो सापिएन्झा हे ठिकाण १,९०० मीटरवर आहे, तिथून केबल कार २,५०० मीटरपर्यंत नेते, पुढे मोठ्या गाड्या आणि गाइड. वारा सुटला तर केबल कार बंद. वर मेमध्येही बर्फाचे पट्टे दिसू शकतात. यासाठी अख्खा दिवस आणि जाडं जाकीट लागतं, आणि तो दिवस कातानियातून करणं सोपं. तिथून सार्वजनिक बस सकाळीच सुटते, ती चुकली की दिवस गेला. सासूबाई १,९०० मीटरवरच्या जुन्या विझलेल्या मुखांभोवती गाडीरस्त्यालगत फिरू शकतात. त्याहून वर न्यायचं का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. शेवटची रात्र मात्र विमानतळाजवळ कातानियातच ठेवा.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे फसगत होते. सकाळचा नाश्ता ग्रानिता आणि ब्रिओश. ग्रानिता म्हणजे आपल्या बर्फाच्या गोळ्यासारखं भरड नाही, चमच्यावर रेशमासारखं बसतं. बदाम, लिंबू, कॉफी, तुती असे प्रकार. ब्रिओश हा गोडसर पाव, त्याच्या डोक्यावर एक गोळा असतो, त्याला सिसिलीत "तुप्पु" म्हणतात, म्हणजे बायकांचा अंबाडा. आधी तो अंबाडा तोडायचा, ग्रानितात बुडवायचा आणि खायचा. ब्रिओशमध्ये अंडं असतं, तुम्हाला चालेल. पण ब्रिओशमध्ये आणि कान्नोली या गोड रिकोत्ता भरलेल्या पदार्थाच्या कुरकुरीत नळीत परंपरेने डुकराची चरबी घालतात, तिला "स्त्रुत्तो" म्हणतात. सगळीकडे घालतातच असं नाही. "चे स्त्रुत्तो?" एवढं विचारा, ते प्रामाणिकपणे सांगतात.

जेवणात पास्ता आल्ला नोर्मा: वांगी, टोमॅटो, तुळशीची बहीण शोभेल असं बासिलिको आणि वर खारवलेलं रिकोत्ता चीज. कापोनाता ही वांग्याची आंबटगोड भाजी गार खातात. सासूबाईंना वांगं आवडत असेल तर सिसिलीत त्यांचे हाल होणार नाहीत. आरांचिनो हा तळलेला भाताचा गोळा शाकाहारी दिसतो, पण "अल बुर्रो", म्हणजे लोण्याचा, असं लिहिलेल्यातही बहुधा हॅम असतं, आणि भात कधीकधी मटणाच्या पाण्यात शिजवलेला असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" हे चार शब्द पाठ करा: मांस नको, मासे नको. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर मासे चालतात असं समजणारे भेटतात. पार्मेझान चीजमध्ये जनावराचं रेनेट, म्हणजे दूध साकळवायला वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य, असतं. ते पाळत असाल तर "सेन्झा फोर्माज्जो" म्हणा. दुपारी तीन ते संध्याकाळी सात स्वयंपाकघरं बंद असतात, मुलासाठी पिशवीत काहीतरी ठेवा. बिलात माणशी "कोपेर्तो", म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो, तो तिथला रिवाज आहे, चूक नाही.

आणि रस्त्याकडेला फड्या निवडुंग दिसला तर थांबा. सिसिलीत त्याच्या फळाला "फिको दिंदिया", म्हणजे भारताचं अंजीर म्हणतात. मूळचा तो मेक्सिकोकडचा, पण नाव आपलं लागलंय.

गाडी भाड्याने घेऊ नका, निदान ताओर्मिनासाठी तरी. गावात गाड्यांना बंदी आहे, त्या लुंबीच्या किंवा पोर्ता कातानियाच्या पार्किंगमध्ये ठेवाव्या लागतात, आणि ते शोधण्यात सकाळ जाते.

म्हणजे बेत असा होतो: पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून विश्रांती, पाचला कास्तेलमोला, रात्री मुख्य रस्ता. दुसऱ्या दिवशी आठला चौकात ग्रानिता, नऊला थिएटर, अकराला बाग, मग बाप-लेक समुद्रावर आणि तुम्ही दोघी सज्जावर, आणि दुपारच्या बसने कातानिया. पाऊस किंवा ढग असतील तर थिएटर आणि कास्तेलमोला यांची अदलाबदल करा, बाकी काही हलवू नका.

राहिला साडीचा प्रश्न. साडी खुशाल नेसू द्या. चर्चमध्ये खांदे झाकलेले लागतात, तिथे पदर उपयोगी पडतो. फक्त निऱ्या बोटभर वर घ्यायला सांगा, थिएटरच्या पायऱ्या उंच-सखल आहेत. चपला मात्र नकोत. तिथली दगडी फरशी शतकानुशतकं पायांनी घासून इतकी गुळगुळीत झालीये की सकाळी धुतलेली असताना बूटसुद्धा सरकतात. मागे पट्टा असलेले, रबरी तळव्याचे सँडल घ्या, निघायच्या महिनाभर आधी, आणि रोज संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यावर त्यांना तेच घालून दोन मजले चढ-उतर करू द्या.